निकेल अडवले, पण वाटणीचे काय? इंडोनेशियाच्या एका बंदीचे प्रकरण

इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाच्या डोंगरांतून निकेलचे खनिज म्हणून जे निघते ते पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्यात धातू आहे यावर विश्वास बसत नाही. ना चमक, ना दगडाचा कणखरपणा. ओली, तांबडी, बोटांना चिकटणारी माती. चांगल्या प्रतीच्या मालातही निकेल दीड-दोन टक्केच, आणि वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा निव्वळ पाणी. ही माती बोटी भरभरून चीनला जायची. म्हणजे भाडे भरून मुख्यतः चिखल आणि पाणी समुद्रापार न्यायचे.

हा माल जहाजासाठीही वाईट. लाटांचे हेलकावे बसू लागले की ओली माती पातळ होते, एका कुशीला सरकते आणि जहाज कलंडते. २०१० च्या अखेरीस इंडोनेशियातून निकेल भरून निघालेली तीन मोठी जहाजे जेमतेम दीड महिन्यात बुडाली. ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘एमराल्ड स्टार’ बुडाले तेव्हा त्यावरचे सगळे २६ खलाशी भारतीय होते. दहा जण परत आले नाहीत.

इतका आटापिटा करून माती परदेशी पाठवायची आणि तिचेच स्टेनलेस स्टील होऊन आले की दामदुपटीने विकत घ्यायचे, हा व्यवहार कुठल्याही खनिजसंपन्न देशाला बोचतो. इंडोनेशियाने तो थांबवला. म्हणूनच खनिजे असलेले देश आज या उदाहरणाकडे डोळे लावून बसले आहेत. माझ्या मते ते प्रकरणाच्या चुकीच्या अर्ध्याकडे पाहतात. बंदी घालणे हा त्यातला सोपा भाग होता.

बंदी कशी आली

पहिला कायदा २००९ चा. खाणवाल्यांनी पाच वर्षांत देशातच धातू गाळायची सोय करावी, नाहीतर कच्चा माल बाहेर जाणार नाही, असे त्यात होते. पाच वर्षे सरकार खरेच तसे करील असे बहुतेकांना वाटले नाही. १२ जानेवारी २०१४ ला बंदी लागू झाली. शेजारच्या फिलिपिन्सला लॉटरी लागली. चीनच्या भट्ट्यांना लागणारी माती तिकडून जाऊ लागली. इंडोनेशियातल्या छोट्या खाणी बंद पडल्या, सरकारी खाण कंपनी अडचणीत आली, तिजोरीचा ओघ आटला. जानेवारी २०१७ मध्ये सरकारने एक पाऊल मागे घेतले आणि १.७ टक्क्यांखालच्या हलक्या प्रतीचा माल काही अटींवर बाहेर जाऊ दिला.

या माघारीबद्दल तेव्हा सरकारला बरीच नावे ठेवली गेली. मला ती फार मोठी चूक वाटत नाही. भट्ट्या उभ्या राहीपर्यंत खाणवाल्याला जगवायला पैसा कुठून तरी यायलाच हवा होता. २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो, म्हणजे सगळ्यांचे जोकोवी, यांच्या सरकारने २०२२ ला येणारी पूर्ण बंदी दोन वर्षे अलीकडे ओढली. १ जानेवारी २०२० पासून कच्चे निकेल बाहेर जाणे पूर्ण थांबले.

या धोरणाला तिकडे ‘हिलिरिसासी’ म्हणतात. ‘हुलू’ म्हणजे नदीचा उगमाकडचा भाग, ‘हिलिर’ म्हणजे मुखाकडचा. खनिजाचा प्रवाह उगमाशी विकून टाकायचा नाही, तो मुखापर्यंत आपल्याच देशातून न्यायचा. कल्पना छान आहे. फक्त प्रवाह वाटेत कोणाच्या शेतातून जातो ते त्या शब्दात येत नाही.

पैसेवाला बंदीच्या आधीच दारात होता

प्रकरणातली सर्वांत बोलकी तारीख जानेवारी २०१४ ची नाही, तिच्या तीन महिने आधीची आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये जाकार्तात शी जिनपिंग आणि तेव्हाचे इंडोनेशियाचे अध्यक्ष सुसिलो बामबांग युधोयोनो यांच्या साक्षीने मध्य सुलावेसीतल्या मोरोवाली औद्योगिक वसाहतीचा करार झाला. एका बाजूला चीनचा त्सिंगशान समूह, दुसऱ्या बाजूला स्थानिक बिन्तांग देलापान. बंदीमुळे त्सिंगशान आला असे सरसकट सांगितले जाते. तो आलेलाच होता. बंदीने त्याच्या मागून येऊ पाहणाऱ्यांना दार कुठे आहे ते दाखवले, आणि कच्चा माल नेऊन चीनमध्ये गाळणाऱ्या त्याच्या स्पर्धकांची वाट अडवली.

त्सिंगशानचे मालक श्यांग ग्वांगदा हे वेन्झोउचे. मोटारींची दारे-खिडक्या बनवण्यापासून सुरुवात केलेला माणूस. शुद्ध निकेल विकत घेऊन स्टील बनवणे महाग पडते, हे या समूहाने ओळखले होते. त्यांनी हलक्या मातीपासून थेट निकेलमिश्रित कच्चे लोखंड काढायची पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली. फिरत्या भट्टीत माती सुकवायची, भाजायची, मग विजेच्या भट्टीत वितळवायची. हाती येणाऱ्या लोखंडात निकेल दहा-बारा टक्के. ते लोखंड थंड न करता शेजारच्याच स्टीलच्या कारखान्यात न्यायचे. खाण, भट्टी, वीज आणि बंदराचा धक्का एकाच कुंपणात असले की हा हिशेब जमतो. मोरोवालीत नेमके तेच उभे राहिले, आणि पुढे हाल्माहेरा बेटावर वेडा बेमध्येही.

बॉक्साइटवरची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या खनिजावरची, बंदी जून २०२३ ला आली तेव्हा हे जुळून आलेले नव्हते. ठरलेल्या कारखान्यांपैकी बहुतेकांच्या जागेवर नुसते मैदान होते. बॉक्साइट गिनी देतो, ऑस्ट्रेलिया देतो. खरेदीदाराला इंडोनेशियाची गरजच नाही. तेच सरकार, तोच कायदा, तीच जिद्द, पण फळ वेगळे. निकेलमध्ये इंडोनेशियाकडे जगातला सर्वांत मोठा साठा होता, तंत्र चीनमध्ये तयार होते, चीनच्या स्टील उद्योगाला माल हवा होता आणि सुलावेसीच्या किनाऱ्यापर्यंत स्वस्त कोळसा पोचत होता. चारही गोष्टी एकाच वेळी. ‘आम्हीही बंदी घालतो’ म्हणणाऱ्याने आधी आपल्याकडे यातल्या किती आहेत ते मोजावे.

बॅटरीच्या निकेलची गोष्ट जरा वेगळी. त्यासाठी वरच्या थरातली आणखी हलकी माती सल्फ्युरिक आम्लात, सुमारे २५० अंश तापमानाला आणि प्रचंड दाबाखाली शिजवतात. प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनियात आणि ऑस्ट्रेलियात या पद्धतीने अनेक बड्या कंपन्यांचे हात पोळले होते. खर्च दुप्पट-तिप्पट झाले आणि कारखाने वर्षानुवर्षे अडखळत चालले. चिनी कंपन्यांनी ओबी बेटावर आणि मोरोवालीत २०२१ च्या सुमारास असे कारखाने चालू करून दाखवले. पाश्चात्त्य गुंतवणूकदार अजून अहवाल वाचत होते तोवर इथे माल निघू लागला होता.

एक टन माती, दोन वजनकाटे

आता वाटणीकडे येऊ. इथे थोडे थांबायला हवे, कारण सगळे प्रकरण इथेच आहे.

निर्यातबंदीचा पहिला परिणाम खाणवाल्यावर होतो, आणि तो वाईट असतो. काल त्याला चीन, जपान, युक्रेन असे कुठलेही गिऱ्हाईक चालत होते. आज त्याला आपल्याच किनाऱ्यावरच्या मोजक्या भट्ट्यांना माल द्यावा लागतो. विकणारे शेकडो, घेणारे बोटावर मोजण्याइतके. भाव कोणाच्या हाती जाणार ते उघड आहे. बंदीनंतर देशातला मातीचा भाव आंतरराष्ट्रीय भावाच्या कितीतरी खाली गेला. बाहेर विकली असती तर खाणवाल्याच्या खिशात पडली असती ती रक्कम आता भट्टीवाल्याच्या नफ्यात जमा झाली. सरकारने कायद्याने एका उद्योगाचा पैसा दुसऱ्याला दिला, आणि तो दुसरा बहुतांशी परदेशी होता.

भावाइतकाच वाद प्रतीचा. माल बोटीत भरताना खाणवाल्याचा सर्वेक्षक नमुना घेतो, उतरवताना भट्टीवाल्याचा. समजा भरताना १.८ टक्के निघाले आणि उतरवताना १.६. खाणवाला काय करणार? बोट भाड्याची आहे, धक्क्यावर उभी आहे, रोजचे पैसे चालू आहेत. तो पडेल भावाने माल खाली करतो. निकेल खाणवाल्यांच्या संघटनेने ही तक्रार कित्येकदा मांडली. जागतिक व्यापाराच्या मोठमोठ्या आकड्यांत टक्क्याच्या दोन दशांशांचा हा झगडा दिसत नाही. छोट्या खाणवाल्याचे नशीब मात्र तिथेच ठरत होते.

२०२० मध्ये सरकारने किमान भाव ठरवून दिला. लंडनच्या धातूबाजाराच्या दराशी बांधलेला, प्रत आणि पाणी धरून काढलेला. तो सगळीकडे पाळला जायला वेळ लागला. हा नियम बंदीच्या दिवशीच, त्याच कागदावर यायला हवा होता. तो नंतर आला, ही या धोरणातली पहिली खरी चूक.

दुसरी चूक करांची. २०१८ च्या नियमानुसार ३० लाख कोटी रुपियाह (इंडोनेशियाचे चलन) किंवा त्याहून अधिक गुंतवणाऱ्याला २० वर्षांपर्यंत कंपनीकर पूर्ण माफ. दुर्मिळ खनिज आपल्याकडे, बंदी घालायची ताकद आपल्याकडे, गरज समोरच्याला, आणि वर करमाफीही आपणच द्यायची! पहिल्या एखाद्या धाडसी कारखान्याला सवलत द्यावी, हे समजू शकते. रांग लागल्यावरही ती चालू ठेवायचे कारण समजत नाही. रॉयल्टीचा भार तर मुख्यतः आधीच दबलेल्या खाणवाल्यावर. मातीवरची सरसकट १० टक्के रॉयल्टी एप्रिल २०२५ मध्ये भावाप्रमाणे १४ ते १९ टक्के झाली. २०२५ पासून लागू झालेल्या १५ टक्के जागतिक किमान करामुळे मोठ्या बहुराष्ट्रीय समूहांच्या करमाफीतली बरीच हवा निघेल. ते श्रेय मात्र इंडोनेशियाच्या वाटाघाटींचे नाही.

या वाटणीवरून ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर जुंपली. निकेलची निर्यात १७ लाख कोटींवरून ५१० लाख कोटी रुपियाहवर गेली, असे जोकोवी अभिमानाने सांगत होते. अर्थतज्ज्ञ फैसल बसरी यांनी उलट हिशेब मांडला. या लाभातला जेमतेम दहावा हिस्सा इंडोनेशियात राहतो, बाकी चीनला जातो. दोघांपैकी कोणी खोटे बोलत होते असे नाही, दोघे वेगवेगळी गोष्ट मोजत होते. निर्यातीचा आकडा म्हणजे एकूण विक्री. त्यातून चीनमधून आलेली यंत्रे, कर्जावरचे व्याज, चिनी तंत्रज्ञांचे पगार आणि मालकाचा नफा वजा केला की देशात मागे राहतात माती, कोळसा, स्थानिक मजुरी आणि जो थोडा कर असेल तो. बसरींचा ‘दहावा हिस्सा’ मला थोडा कमी वाटतो, कारण कोळसा आणि मजुरी यांचा पैसा लहान नाही. पण ५१० हा आकडा भाषणात ‘देशाची कमाई’ म्हणून वापरणे त्याहून जास्त दिशाभूल करणारे होते. देशातल्या निकेलशुद्धीकरणाच्या क्षमतेपैकी साधारण तीन चतुर्थांश चिनी कंपन्यांच्या ताब्यात आहे. हे लक्षात ठेवून तो आकडा वाचायचा. बसरी सप्टेंबर २०२४ मध्ये वारले. वाद अजून चालूच आहे.

बाहोदोपीतून पाहताना

मोरोवाली वसाहत बाहोदोपी तालुक्यात आहे. पूर्वीची किनाऱ्यावरची मासेमारीची वस्ती, आता पाळी सुटली की मोटारसायकलींचा लोंढा, भाड्याच्या खोल्यांच्या रांगा आणि धूळ. रोजगार आला हे नाकारता येणार नाही. २०२२ मध्ये मध्य सुलावेसीची अर्थव्यवस्था १५ टक्क्यांनी आणि निकेलच्याच जोरावर उत्तर मालुकूची (हाल्माहेरा आणि ओबी बेटांचा प्रांत) सुमारे २३ टक्क्यांनी वाढली. तेव्हा जगात इतक्या वेगाने वाढणारे प्रदेश फारच थोडे होते. तरीही २०२३ मध्ये मध्य सुलावेसीतली गरिबी १२ टक्क्यांच्या वर होती, देशाची सरासरी मात्र ९ च्या आसपास. उत्पादन प्रांतात मोजले जाते, नफा प्रांतात राहत नाही.

भट्ट्यांना लागणारी वीज कोळशाची, वसाहतीने स्वतःसाठी उभारलेल्या केंद्रांतून. २०२२ च्या अध्यक्षीय आदेशाने नव्या कोळसा केंद्रांवर बंधने आणली आणि उद्योगांच्या अशा स्वतःच्या केंद्रांना त्यातून वगळले. म्हणजे विजेवर धावणाऱ्या स्वच्छ गाड्यांचे निकेल कोळशाच्या राखेतून येते. श्वसनाचे विकार हे तिथल्या दवाखान्यांचे नेहमीचे काम झाले आहे. शेजारच्या कुरिसा वाडीतले मच्छीमार समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याबद्दल वर्षानुवर्षे बोलत आहेत.

आणि अपघात. २४ डिसेंबर २०२३ ला मोरोवालीतल्या एका भट्टीच्या दुरुस्तीत स्फोट झाला. २१ कामगार गेले, त्यात १३ इंडोनेशियन आणि ८ चिनी. त्याच वर्षाच्या जानेवारीत शेजारच्या जिल्ह्यातल्या भट्टीवर सुरक्षा आणि वेतनाच्या मागण्यांवरून दंगल पेटली, दोघे मेले, एक इंडोनेशियन आणि एक चिनी. तिथे हा संघर्ष बऱ्याचदा दोन देशांच्या कामगारांमधला म्हणून रंगवला जातो. मृतांची यादी पाहिली तर तो तसा दिसत नाही.

बाहेरची भांडणे

युरोपीय संघाने नोव्हेंबर २०१९ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार नेली. ३० नोव्हेंबर २०२२ ला निकाल इंडोनेशियाच्या विरोधात गेला. इंडोनेशियाने अपील केले. पण अपील ऐकणारे मंडळच २०१९ च्या अखेरीपासून सदस्यांअभावी बंद आहे, त्यामुळे खटला अधांतरी लटकला आणि बंदी चालू राहिली. पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनेही बंदी हळूहळू मागे घ्या असे सुचवले. जाकार्ताने ऐकून घेतले.

बाजाराने मात्र ऐकून घेतले नाही. पुढे पुरवठा वाढून भाव पडणार या अंदाजाने त्सिंगशानने मंदीचे प्रचंड सौदे केले होते. ८ मार्च २०२२ ला युक्रेन युद्धाच्या भीतीने भाव उलटा उसळला, टनाला १ लाख डॉलरच्या वर गेला आणि लंडनच्या धातूबाजाराने त्या दिवसाचे सौदेच रद्द केले. अंदाज दिशेने बरोबर होता, घाई फार झाली. इंडोनेशियातून माल येत राहिला आणि २०२४ च्या सुरुवातीला भाव १६ हजार डॉलरच्या आसपास आला होता. न्यू कॅलेडोनियातला कोनियाम्बो हा निकेलचा प्रकल्प त्याच फेब्रुवारीत थांबला. बीएचपी या बड्या खाण कंपनीने पश्चिम ऑस्ट्रेलियातले निकेलचे काम ऑक्टोबर २०२४ पासून बंद ठेवले. स्पर्धक बाद झाले, पण स्वतःच्या मालाचा भावही स्वतःच पाडला. २०१९ मध्ये जगाच्या खाण-उत्पादनाचा तिसरा हिस्सा देणारा हा देश २०२४ मध्ये निम्म्याहून बराच अधिक देऊ लागला होता. इतका हिस्सा हाती असलेल्याने भाव धरून ठेवायचा असतो, आणि उत्पादनाचे परवाने आवळून सरकार आता ते शिकते आहे.

दुसऱ्या बाजूला, चीनशिवायचा भागीदार मिळवायची धडपड फारशी फळली नाही. जर्मनीची बीएएसएफ आणि फ्रान्सची एरामे यांनी वेडा बेचा संयुक्त प्रकल्प जून २०२४ मध्ये सोडला. एप्रिल २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या एलजीने बॅटरीच्या मोठ्या योजनेतून अंग काढून घेतले. फोर्डने सुलावेसीतल्याच पोमालाच्या प्रकल्पात पैसे घातले, पण तिथेही सोबत चिनी कंपनी आहेच. त्यातच चिनी गाड्यांत निकेल नसलेल्या, लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्यांचे प्रमाण वाढत चालले. ज्या ग्राहकासाठी भट्ट्या उभारल्या, त्याच्याच देशात निकेलला पर्याय निघाला.

जून २०२५ मध्ये राजा अम्पात द्वीपसमूहातल्या खाणींवरून देशभर गदारोळ झाला आणि सरकारने तिथले पाचपैकी चार परवाने रद्द केले. प्रवाळाच्या समुद्रातली लाल माती लोकांनी फोनच्या पडद्यावर पाहिली होती. मोरोवालीच्या वाट्याला अशी चित्रफीत आली नाही.

या सगळ्यात एक उलटी वाट तयार झाली आहे. भट्ट्या इतक्या झाल्या आणि परवान्यांतून मिळणारी माती इतकी तुटपुंजी, की २०२४ मध्ये इंडोनेशियाने बाहेरून एक कोटी टनांहून अधिक निकेलची माती आणली. आली मुख्यतः फिलिपिन्सहून, त्याच शेजाऱ्याकडून ज्याला पहिल्या बंदीत लॉटरी लागली होती. फिलिपिन्समधल्या सुरिगावच्या धक्क्यावर भरलेली तीच ओली, जहाज कलंडवणारी माती आता वेडा बे आणि मोरोवालीत उतरते. फिलिपिन्सच्या संसदेत गेल्या काही वर्षांत इंडोनेशियासारखीच निर्यातबंदी आणण्याचा प्रस्ताव होता. जून २०२५ मध्ये तो कायद्याच्या मसुद्यातून गळाला. तिथल्या खाणवाल्यांचा आक्षेप साधा होता. माल इथेच अडवला तर गाळायचा कुठे, आणि भट्टीला परवडेल अशी वीज आणायची कुठून?